कोठावळणीचा आवाज

"पुढचं पान चाळायचं नाही हं. आजचं आज, उद्याचं उद्या. देव काय पळून जातोय?"

माझी आत्या मला पोथी वाचायला शिकवायची तेव्हाचं हे वाक्य. म्हणता म्हणता ती माझ्या बोटावर टिचकी मारायची, कारण बोट आधीच पुढच्या पानाखाली शिरलेलं असायचं. ती टिचकी लागली ती लागलीच. आता माझे केस पिकले, तरी रोज सकाळी आंघोळ करून दिव्यासमोर बसते, एक अध्याय वाचते, खूण ठेवते आणि पोथी मिटते. तोवर पाण्याचा थेंब नाही की कुणाशी शब्द नाही. घरी हे म्हणतात, "सकाळी या घरात फार शांतता असते. ती जरा दुपारपर्यंत लांबवता येईल का?" मी हसून सोडून देते. माझा आवाज तसाही लहान. भाजीवाल्याला मी काय मागितलं ते माझ्या मागे उभी असलेली बाई मोठ्याने सांगते.

या लहान आवाजाला काम मिळालं ते मात्र आवाजाचंच. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे, तिथे मी वाचक आहे. बिनखिडकीची खोली, भिंतींना करडा स्पंज, मध्ये माईक, समोर काच. काचेपलीकडे कानकाका. वयाने ते माझ्याहून लहान, पण त्यांना सगळेच कानकाका म्हणतात म्हणून मीही म्हणते. पान उलटल्याचा आवाज, खुर्चीचं कुरकुरणं, रस्त्यावरचा हॉर्न, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मी बांगड्या काढून रुमालात बांधते आणि मग वाचायला बसते. अडचण येते ती उपासाच्या दिवशी. पोट गुरगुरतं आणि माईक ते टिपतो.

"ताई, थांबा," काचेपलीकडून आवाज येतो. "राजा बोलायच्या आत तुमचं पोट बोललं."

"काय म्हणालं?"

"राजद्रोह करतंय. एक केळं खा."

"आज चालत नाही."

"मग राजाला जरा मोठ्याने बोलू दे, पोट तरी दबेल."

असं आमचं चालतं. पुस्तकही मी पोथीसारखंच वाचायची. रोज एक प्रकरण, आणि पुढचं पान बघायचं नाही. इतर वाचक आधी घरी सगळं वाचून, खुणा करून येतात. मला वाटायचं, मुलांना जसं एकेक कळत जाणार तसंच मलाही कळावं. मग आवाजात खोटेपणा येत नाही. कानकाकांनाही ते पटलं होतं. निदान त्यांनी कधी टोकलं नाही.

गेल्या वर्षअखेरीला मुलांसाठी लिहिलेली एक ऐतिहासिक कादंबरी माझ्याकडे आली. तटबंदीच्या आत एक गाव, बाहेर शत्रूचा वेढा. नगारा वाजवणाऱ्याचा धीट मुलगा हा नायक. आणि पहिल्याच प्रकरणात एक म्हातारी येते. गावाच्या धान्यकोठाराची किल्ली तिच्या कमरेला, म्हणून सगळे तिला कोठावळीण म्हणतात. ती रोज माणशी एक माप धान्य देते. माप भरलं की त्यावर जी शीग येते, तो वरचा उंचवटा, तो ती तळहाताने सर्रकन पुसून परत पोत्यात टाकते. शीग म्हणजे देणाऱ्याचं मन. ती नाही दिली की लोक चिडणारच. नायकाची आई म्हणते, "थेरडीच्या हाताला देवानं खरूज द्यावी."

मी वाचत होते तेव्हा कानकाकांनी थांबवलं.

"ताई, हिला आवाज द्या की. मुलांना चेहरा दिसत नाही. आवाज हाच चेहरा. ही कोण आहे ते पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे."

मला पटलं. आमच्या जुन्या घरमालकीणबाई होत्या, नाकात बोलायच्या, आणि शेवटचा शब्द दारात बोट चेमटल्यासारखा ओढायच्या. तो आवाज मी कोठावळणीला दिला. कानकाका काचेपलीकडे हसून लोटपोट. मलाही, खरं सांगते, मजा आली. एरवी ज्या बाईचा आवाज भाजीवाल्यापर्यंत पोचत नाही, तिला असं किरकिरायला मिळालं म्हणजे काय होणार? रोज एक प्रकरण, रोज तो नाकातला आवाज. शेवटच्या प्रकरणात मदतीची फौज येते, वेढा उठतो, दारं उघडतात. नगारेवाल्याच्या मुलाने कोठावळणीला लपूनछपून वाळूची पोती ओढताना पाहिलेलं असतं. तो ते सगळ्यांना सांगतो. लोक कोठारात शिरतात. कणग्यांमध्ये वर चार बोटं धान्य आणि खाली नुसती वाळू. "चोर! चोर!" असा कल्लोळ होतो आणि म्हातारीला वेशीबाहेर घालवतात. ती एक अक्षर बोलत नाही. "चोर! चोर!" मी इतक्या जोरात वाचलं की कानकाकांनी कानावरचे हेडफोन काढले.

आमच्याकडे पद्धत अशी, की पुस्तक बाहेर पाठवण्याआधी ते अशाच न दिसणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात ऐकवायचं. वाचकाने तिथे बसायचं, मुली कुठे कंटाळतात, कुठे अडखळतात ते बघायचं. त्यानंतर वाचकाने शेवटचं एक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं: "हे पुस्तक जसं आहे तसं मी तुम्हाला वाचून दाखवलं आहे." ते वाक्य त्याच वाचकाच्या आवाजात असल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही. संस्था काढणाऱ्या बाईंनी घातलेला नियम. ऐकणाऱ्याला पान दिसत नाही, तेव्हा वाचणाऱ्याने शब्द द्यावा, इतकाच त्यांचा हिशेब.

वसतिगृहाच्या जेवणघरात मुली बाकांवर बसून रोज थोडं थोडं ऐकत होत्या. कोठावळीण बोलली की हशा. शेवटी "चोर!" म्हटल्यावर त्याही ओरडल्या, ताटं बडवली. वसतिगृह चालवणाऱ्या मावशी आतून धावत आल्या, "काय झालं गं, उंदीर निघाला का?"

"चोर सापडली, मावशी!"

एकटी मुलगी ओरडली नाही. ती बाकाच्या टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सगळ्या तिला वकीलीण म्हणतात, कारण उतू गेलेल्या दुधाचीही ती बाजू घेईल. तिने यंत्राकडे हात केला.

"शेवटचं परत लावा. लोक गेल्यानंतरचं."

मी लावलं. सगळे जल्लोषाला गेल्यावर नगारेवाल्याचा मुलगा रिकाम्या कोठारात उभा असतो. कोपऱ्यात लाकडी माप पडलेलं असतं. तो ते उचलतो. 'मापाचा काठ झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता.' बस, तिथे कादंबरी संपते.

"हे तुम्ही फार भरभर वाचलंत," वकीलीण म्हणाली.

"संपत आलं होतं ना बाळा."

"काठ कशाने झिजला?"

"म्हातारी रोज शीग पुसायची. हाताने."

"मग? चोर रोज सगळ्यांसमोर मूठमूठ कशाला पुसत बसेल? किल्ली तिच्याकडे. मागच्या दाराने पोतं न्यायचं, झालं."

दुसरी मुलगी म्हणाली, "झाली हिची कोर्टकचेरी सुरू! अगं, वाळू सापडली की कणगीत. पुस्तकातच आहे, चोर म्हणून."

"पुस्तकात लोक म्हणतात. पुस्तक म्हणतं का? ताई, पुस्तक म्हणतं का?"

मी पान काढलं. खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. "नाही," मी म्हटलं. "लोक म्हणतात."

"आणि वाळू चोराच्या काय कामाची? चोर रिकामी कणगी तशीच टाकून पळेल. वाळू दाखवायला घातली. कुणी डोकावलं तर कणगी भरलेली दिसावी म्हणून. धान्य संपत आलंय हे कळलं असतं तर लोकांनी दारं उघडली असती ना शत्रूला?" तिने गुडघे खाली सोडले. "मदत येईपर्यंत सगळे जेवले. कशातून जेवले? शिगेतून."

मावशींच्या हातात पळी तशीच.

"मग ती बोलली का नाही?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला माहीत नव्हतं.

"कुणी विचारलं? सगळे ओरडत होते. तुम्हीसुद्धा." मग ती माझ्या दिशेला तोंड करून, अगदी सरळ म्हणाली, "मी पण हसत होते तिला. पहिल्या दिवसापासून. तुमच्या आवाजाने मला आधीच सांगून टाकलं होतं, ही वाईट. मला घास चावून देऊ नका ताई. दात आहेत मला."

मी म्हटलं, "मी परत वाचते. पहिल्यापासून."

"गोड आवाज पण काढू नका हं. ती गोड नाहीये. खवटच आहे. पण खवट माणूस म्हणजे चोर नाही."

"नाही काढणार."

"शब्द?"

"शब्द."

"मोठी माणसं शब्द देतात आणि मग त्यांना खोकला येतो," वकीलीण म्हणाली. मावशींनी तिला दटावलं, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचा नेम झाल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी कादंबरी घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक मागेपुढे चाळलं. बोटं आपोआप आखडत होती, टिचकीच्या भीतीने. पण चाळलं. तिसऱ्या प्रकरणातून सातव्यात, सातव्यातून पहिल्यात. आणि सगळं तिथेच होतं! नगारेवाल्याचा मुलगा कोठारामागे लपतो तेव्हा कोठावळीण कोंडा पाण्यात कालवून खाताना त्याला दिसते. तो समजतो, धान्य लपवायचं नाटक आहे. किल्लेदार तिला पहिल्याच दिवशी विचारतो, "पुरेल?" आणि ती म्हणते, "पुरवते." पुरेल म्हणत नाही, पुरवते म्हणते. मी ते 'पुरवते' नाकातून असं ओढलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही काहीतरी कारस्थान करतेय. लेखकाने दाणे नीट पेरून ठेवले होते, आणि मी त्यांच्यावरून किरकिरत पाय देत गेले होते.

हे चहा घेऊन आले. म्हणाले, "आज एकदम सगळी पोथी? देव रागावला का कुणी माणूस?"

"मुलगी. एवढीशी."

"मग अवघड आहे. देव समजून घेतो."

संस्थेत गेले ती सरळ साहेबांच्या खोलीत. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. त्यांचा आवाज मी इथे नाकातून काढणार नाही. ती खोड नुकतीच मोडली आहे. साहेब मेहनती माणूस आहेत. संस्थेचं छप्पर गळतं तेव्हा स्वतः वर चढतात. त्यांनी मला बसायला सांगितलं, ऐकून घेतलं.

"ताई, अहो, पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. सगळ्या शाळांना हे पुस्तक द्यायचंय. ठिपक्यांच्या लिपीत प्रश्नोत्तरंसुद्धा छापून झाली." त्यांनी जाड कागदाची पुस्तिका माझ्यापुढे सरकवली आणि स्वतःच वाचून दाखवली. "खलपात्र कोण? कोठावळीण. तिचे दुर्गुण सांगा. कंजूषपणा, कपट, चोरी."

"हे उत्तर पुस्तकात नाही, साहेब."

"अख्खं गाव म्हणतंय!"

"गाव म्हणतंय. पुस्तक म्हणत नाही."

"बरं, असेल. पण हे बारकावे मोठ्यांसाठी. लहान मुलांना सरळ गोष्ट लागते. एक चांगला, एक वाईट. या मुलांना आधीच जग दिसत नाही, त्यात तुम्ही गोष्टही धूसर करणार?"

ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत, हे मला माहीत आहे. पण मला आठवली जेवणघरातली ती मुलगी, गुडघे पोटाशी घेतलेली. जग तिलाच दिसलं होतं. आम्ही डोळसांनी ताटं बडवायला लावली होती.

"धूसर मी केलं," मी म्हटलं. "आता पुसून देते. मला खोली द्या, मी सगळं परत वाचते."

"खोली महिनाभर भरलेली आहे. तुम्ही फक्त ते शेवटचं वाक्य बोलून टाका. दहा शब्द. झालं."

"हे पुस्तक जसं आहे तसं मी वाचून दाखवलं, असं?"

"हो."

"नाही वाचलं तसं. मग कसं म्हणू?"

साहेब हसले. "ताई, ते नियमाचं वाक्य आहे. कोण मनावर घेतं?"

"मी घेते."

माझा आवाज नेहमीइतकाच लहान होता. पण साहेबांना परत विचारावं लागलं नाही, हे पहिल्यांदाच झालं असेल. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"आणि नाही म्हणालात तर?"

"नाहीच म्हणतेय."

मी उठले आणि वाचायच्या खोलीत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. त्या दिवशी दुपारी दुसऱ्या वाचकाची पाळी होती, विनोदी गोष्टी वाचणारे एक गृहस्थ. ते दारात आले, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. थोड्या वेळाने साहेब काचेपलीकडे येऊन उभे राहिले. काचेपलीकडचं मला हेडफोनमधून ऐकू येत होतं. कानकाकांनी बटण मुद्दाम चालू ठेवलं होतं की विसरून, ते त्यांनाच माहीत.

"ह्या काय करतायत आत?"

"बसल्यात."

"कुठवर बसणार?"

"ताईंचा नेम असतो साहेब. बसल्या की बसल्या."

"जेवायला तरी उठतील ना."

कानकाका म्हणाले, "अहो, ह्या बाई उपासावर उपास काढतात. ह्यांच्याशी उपाशी राहायची पैज लावली तर आधी आपल्याला घेऊन जातील."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. मग त्यांना एक युक्ती सुचली. ती ऐकून मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"ह्यांनी आतापर्यंत किती पुस्तकं वाचलीत. प्रत्येकाच्या शेवटी ते वाक्य आहेच. जुन्या पुस्तकातलं कापून ह्याला जोडा. आवाज तोच, वाक्य तेच. संपला प्रश्न."

माझ्या समोर काच होती आणि काचेत कानकाकांचा चेहरा. एका वाक्याला काय लागतं? त्यांनी रोज हजार वेळा तेच केलंय, माझा खोकला कापलाय, माझं पोट कापलंय, माझा चुकलेला शब्द काढून बरोबर शब्द असा बसवलाय की मलाही कळू नये.

कानकाकांनी हेडफोन गळ्यात सोडले. "सांधा ऐकू येतो साहेब."

"तुम्ही जोडलेला? तुमचा सांधा आजवर कुणाला ऐकू आलाय?"

"हा येईल."

"कुणाला?"

"मला," कानकाका म्हणाले. "रोज येईल. आणि हे नाव लोकांनी मला दिलंय ते मी ऐकतो म्हणून. न ऐकल्यासारखं करायचा पगार वेगळा असतो, तो मला नाही."

साहेबांनी कानकाकांसमोरचा माईक स्वतःकडे ओढला आणि थेट माझ्याशी बोलले. आवाज दमलेला होता.

"ताई, ऐका. मी हे पुस्तक कार्यक्रमातून काढतो. दुसरं काहीतरी देऊ. ही कादंबरी कपाटात जाईल. तुमच्यासाठी खोली मिळणार नाही, आज नाही, महिन्याने पण नाही. तुमचा हट्ट राहिला, पण एकाही मुलाला पुस्तक मिळालं नाही. चालेल?"

यावर मी विचार केला. खरंच केला. वाईट आवाजातलं पुस्तक बरं, की पुस्तकच नाही ते बरं? अर्धी भूक की उपास? मला उपासाची सवय आहे, पण दुसऱ्याच्या पोटाला मी उपास कसा घडवू?

"प्रश्नोत्तरांचं काय करणार?" मी विचारलं.

"कपाटात. पुस्तक नाही तर प्रश्न कसले?"

"म्हणजे ती चोर आहे असं आता कुणी कुणाला शिकवणार नाही."

"नाही."

"मग चालेल."

"आणि मुलं?"

"मुलांचं मी बघते."

"तुम्ही कसं बघणार? खोली नाही, माईक नाही."

"पुस्तक आहे ना," मी म्हटलं. "आणि तोंड आहे."

साहेबांनी मान हलवली. कसली मान होती ती, होकाराची की हताशपणाची, मला काचेतून कळलं नाही. ते गेले. बाहेर बाकावर बसलेले विनोदी गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "संपलं का? मी आता हसवायच्या मूडमध्ये राहिलो नाहीये हो." मी त्यांना खुर्ची दिली, रुमाल सोडून बांगड्या हातात घातल्या आणि कादंबरी पिशवीत टाकली. ध्वनिमुद्रणासाठी आणलेली प्रत संस्थेची होती. ती टेबलावर ठेवून आले. पिशवीतली माझी, खुणा करायला म्हणून सकाळी संस्थेत येताना पुस्तकाच्या दुकानात थांबून घेतली होती. दुकानदारीणबाई म्हणाल्या होत्या, "नातवंडांसाठी का?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते फारसं.

जिन्यात कानकाका आले. माझ्या पुढे एक पायरी उतरून थांबले आणि भिंतीकडे बघत, जणू भिंतीलाच विचारताहेत असं म्हणाले, "त्या जेवणघरात पंखा फार आवाज करतो का?"

"करतो. खडखड."

"बंद करता येतो?"

"मुलींना गरम होईल."

"हं. आणि सुट्टीच्या दिवशी मावशी भांडी किती वाजता घासतात?"

"कानकाका," मी म्हटलं, "तुमच्यावर साहेब रागावतील."

"माझ्यावर? मी पंख्याची चौकशी करतोय. घरी घ्यायचाय." आणि ते वर निघून गेले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे काम गेलं का?"

"बहुतेक."

"आणि वाचायला जाणार रोज, फुकट?"

"रोज एक प्रकरण."

"आणि साहेब म्हणाले तर, की वसतिगृहात तुम्हाला यायचं नाही?"

"वसतिगृह मावशींचं आहे. त्या नाही म्हणाल्या तर जेवणघराच्या बाहेर, ओट्यावर बसून वाचीन. ओट्यावरून हाकललं तर फाटकाशी. आवाज लहान आहे माझा, पण त्या मुलींचे कान काही लहान नाहीत."

ह्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "लग्नाआधी तुझ्या आत्याने मला सांगितलं होतं, मुलगी अगदी गाय आहे."

"मग?"

"मग काही नाही. शिंगांचं बोलल्या नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला, अध्याय वाचला, खूण ठेवली. मग कादंबरीचं पहिलं प्रकरण काढलं आणि कोठावळणीची वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितली. नाकातून नाही. गोडही नाही. 'माप घे. पुढं हो.' रागाने म्हटलं, ते चुकीचं वाटलं. दुःखाने म्हटलं, तेही चुकीचं. वकीलिणीने लगेच पकडलं असतं. मग कुठलाच रंग न घालता, रांग लांब आहे आणि हात दुखतोय, एवढ्याच भावनेने म्हटलं. 'माप घे. पुढं हो.' शेवटचा शब्द मी ओढला नाही.

हे अजून झोपले होते. मी चपला हातात घेऊन दारापर्यंत गेले, बाहेर पायरीवर बसून त्या घातल्या, पिशवी खांद्याला लावली. रस्त्यावर दूधवाला दारोदार बाटल्या ठेवत होता. त्याने मान हलवली, मीही हलवली. वसतिगृह चालत बरंच लांब आहे, पण मुली न्याहारीला बसायच्या आत पोचायचं म्हणून मी चौकातून डावीकडे वळले आणि भराभर पावलं टाकायला लागले.